मागच्या पायरीवरचं पाणी

"माझा नवरा खुनी असेल तर तसं सांगा. पण आधी शोधून काढा आणि मगच सांगा," सकीना म्हणाली. बस म्हटलं तरी ती बसली नाही.

शनिवारची सकाळ होती. मेहरअंगीज खानमच्या रश्त शहरातल्या घरात चहाचा समोवार नुकता उकळायला लागला होता. खानमनी तीस वर्षं न्यायालयासाठी कागद तपासले होते. खोट्या सह्या, खाडाखोड केलेली मृत्युपत्रं, मागच्या तारखा घातलेले करार, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक आपापली भानगड घेऊन घरीच येऊ लागले. मदतीला धाकटा दीर हेशमत होता आणि हेशमतची जुनी टॅक्सी होती. हेशमतचं डोकं जरा सावकाश चालायचं. पोट मात्र वेळेवर चालायचं.

"पहिल्यापासून सांग," खानम म्हणाल्या.

सकीनाने सांगितलं. ती आणि तिचा नवरा यदुल्लाह डोंगरातल्या रानात पाहुण्यांसाठी सहा लाकडी खोल्या चालवत. रांधणं तिच्याकडे, पाहुण्यांना रान दाखवणं त्याच्याकडे. मंगळवारी तेहरानचं एक कुटुंब तीन दिवसांसाठी आलं. म्हातारे नुसरतुल्लाह दबीरी, वय चौऱ्याहत्तर, जुने शाळामास्तर. मुलगा कामबीज, दातांचा डॉक्टर. त्याची बायको फिरोजे. आणि मुलगी शहीन. गुरुवारी पहाटे म्हातारे यदुल्लाहबरोबर बाहेर पडले. दहा वाजता यदुल्लाह एकटाच परत आला. त्याच्या मनगटावर म्हाताऱ्यांचं घड्याळ होतं.

"त्याने काय सांगितलं?"

"सांगितलं की म्हातारे आगा आपल्या मर्जीने गेलेत. घड्याळ त्यांनीच दिलं. मी तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा त्यांनी स्वतः मनगटावर बांधलं. आणि मी त्यांना शब्द दिलाय, याहून जास्त विचारू नका. संध्याकाळी त्याला चौकीत नेलं. तिथेही तेच. मलाही तेच. म्हणतो, एका ताटात जेवलोय, मिठाला जागायला नको? आणि म्हणतो, एकदोन दिवसांत सगळं आपोआप कळेल, तू घाबरू नको." सकीनाचा आवाज चिरकला. "काय कळलं? शुक्रवारी दरीच्या काठावर म्हाताऱ्यांची काठी सापडली. उद्या सकाळी त्याला जिल्ह्याला नेतायत. खुनाचं कलम लावून."

खानम उठल्या. खुनाचं कलम लागलं की आरोपीचा जीव मेलेल्याच्या वारसांच्या हातात जातो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी मागितलं तर फास, नाहीतर माफी.

वाटेत हेशमतने निकाल देऊन टाकला. "वहिनी, राग मानू नका, पण हिच्या नवऱ्यानेच केलंय. घड्याळ मनगटावर, काठी दरीवर. अजून काय पाहिजे?"

"भाऊजी, तुम्ही कुणाला दरीत ढकललंत तर त्याचं घड्याळ बांधून चहा प्यायला घरी याल?"

हेशमतने थोडा विचार केला. "नाही. आधी कुठेतरी लपवीन."

"म्हणजे यदुल्लाह तुमच्याहून मूर्ख असायला हवा. रस्त्याकडे बघा."

मागे बसलेली सकीना दोन दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मग लगेच रडली.

आठवडाभर पाऊस नव्हता. गिलान प्रांतात आठवडाभर पाऊस नसणं ही बातमीच असते. रानातली वाट भुकटीसारखी सुकली होती. उंच झाडांमध्ये खांबांवर उभ्या सहा खोल्या होत्या आणि पुढे लांब ओसरी होती. ओसरीवर चौकीचा अधिकारी सलीमी चहा पीत बसला होता. तोंडावरून बिचारा दोन रात्री जागा दिसत होता. त्याच्याशेजारी इस्त्रीच्या शर्टात डॉक्टर कामबीज होता.

"खानम, तुम्ही उगाच त्रास घेतलात," कामबीज उठून, छातीवर हात ठेवून म्हणाला. "आम्ही सूड घेणारी माणसं नाही. मी अधिकाऱ्यांनाही सांगितलंय, त्याने एकदा कबूल केलं की आम्ही माफ करू. शेवटी तोही गरीब माणूस. मोहात पडला असेल."

हे तो सकीनाच्या देखत बोलला, तिच्याच हातचा चहा पिता पिता. काही माणसं इतकी सभ्यपणे बोलतात की त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"तुमचे वडील, आगाजान, खोलीत नाहीत हे तुम्हाला कधी कळलं?" खानमनी विचारलं.

"गुरुवारी आठला. मीच आधी खोलीत गेलो. पलंग रिकामा होता. मला वाटलं, फिरायला गेले असतील."

"खोलीत काही होतं?"

"काय असणार? कपडे. चप्पल."

"त्यांच्या महिनाभराच्या गोळ्यांचा डबा नाही तिथे," सकीना मध्येच म्हणाली. "रोज उशाशी असायचा."

"खिशात असेल," अधिकारी म्हणाला.

"फिरायला जाताना महिन्याच्या गोळ्या खिशात?" खानमनी विचारलं. सलीमीने पेला खाली ठेवला.

शहीन दुसऱ्या खोलीत होती. पन्नाशीची, जाड, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत. ती मनापासून रडत होती, आणि मनापासून बोलतही होती.

"माझ्या भावासारखा मुलगा शोधून सापडायचा नाही, खानम. बाबांना रानाची हवा मिळावी म्हणून दवाखाना बंद ठेवून आला. गुरुवारी आम्ही सगळे, गावकरीसुद्धा, आगाजान, आगाजान ओरडत रान पालथं घातलं. माझा घसा बसला. आणि तो? त्याच्या तोंडातून आवाजच फुटेना. एक हाक मारवेना त्याला. मुकाट्याने चालत होता नुसता."

"काठी कुणाला सापडली?"

"त्यालाच. शुक्रवारी. नशीब बघा, ज्या दगडावर गुरुवारी मी अर्धा तास बसून रडले, त्याच दगडाच्या पायथ्याशी. मला मेलीला दिसलीच नाही." तिने नाक पुसलं. "आणि आमची वहिनी. सासरा गेला, पण काळं घालायला तयार नाही. बघा तिच्या डोक्यावरचा रुमाल. डाळिंबी."

फिरोजे स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. निवडलेलेच तांदूळ परत निवडत होती.

"तुम्ही गुरुवारी पहाटे कुठे होतात?"

"झोपले होते."

"सासऱ्यांशी तुमचं पटायचं?"

"ते मला मुलगी म्हणायचे." तिने मान वर केली नाही. "यदुल्लाहला मारहाण केलीय का हो चौकीत?"

"नाही. अजून नाही."

तिचे हात थांबले. मग ती पुन्हा निवडू लागली.

सकीनाने खानमना मागचं दार दाखवलं. दारापुढे दगडी पायरी, पायरीपासून एक पायवाट, आणि ती वाट झाडांतून गाडीरस्त्याकडे जाणारी.

"यांच्या येण्याजाण्याची ही वाट?"

"नाही हो. पाहुणे पुढून येतात, पुढून जातात. ही आमची सरपणाची वाट." सकीना थबकली. "एक सांगायचं राहिलं, पण ते फालतू आहे."

"फालतू तेवढंच सांग."

"गुरुवारी सकाळी या पायरीवर माझा पाय घसरला. ओली होती. मला वाटलं दव पडलं असेल. पण बाकीचं अंगण कोरडं ठाक होतं. आणि माझा तांब्याचा वाडगा, जो त्या खुंटीवर असतो, तो इथे खाली पडला होता. बुडाला एक हिरवं पान चिकटलेलं."

"तू पाहुण्यांच्या मागे पाणी ओततेस ना, निघताना?"

"ओतते की. त्याच वाडग्याने. सुखरूप परत यावेत म्हणून. पण सामान घेऊन निघतात तेव्हा. सकाळी फिरायला जाणाऱ्याच्या मागे कोण पाणी ओततं? आणि पान मी कधीच घालत नाही."

हेशमत हसला. "मांजराने पाडला असेल वाडगा."

"आणि मांजराने पान घातलं," खानम म्हणाल्या.

मग त्यांनी पाहुण्यांची वही मागितली. निघताना किंवा मुक्कामात कुणी दोन ओळी लिहायच्या, अशी ती जाड वही ओसरीवर पेनासकट पडलेली असायची. शेवटचं लिखाण मंगळवारचं होतं. मास्तरी, गोल, दाबून लिहिलेलं अक्षर. हेशमतने मोठ्याने वाचलं.

"पन्नास वर्षांपूर्वी या डोंगरापलीकडे अंजिलीसरा गावात मी मुलांना नकाशा शिकवला. त्यातला हातमअली आता तिथे चहाचे मळे राखतो, असं कळलं. त्याच्या पायांनी गावाची वेस मोजून घेतली होती मी. एकदा जायला हवं. नुसरतुल्लाह दबीरी."

पुढच्या पानाची जागा रिकामी होती. शिवणीशी कागदाची बारीक कडा तेवढी शिल्लक होती. त्यापुढचं पान कोरं. खानमनी ते कोरं पान खिडकीकडे तिरकं धरलं, आणि इतका वेळ धरून ठेवलं की हेशमतला जांभई आली.

"कोरं आहे, वहिनी."

"हो," खानम म्हणाल्या आणि वही ओढणीखाली घेतली.

दुपारी शहीनने हलवा करायला लावला होता. तिसरा दिवस होता. प्रेत मिळालं नाही म्हणून मेलेल्याचा हलवा चुकवायचा का, असं तिचं म्हणणं. आणि तो करायला लावला कुणाला, तर सकीनाला. ज्या माणसाच्या खुनासाठी तिच्या नवऱ्याला डांबलंय, त्याच माणसाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून सकीनाने पीठ तांबूस होईपर्यंत भाजलं, केशर आणि गुलाबपाणी घातलं आणि चमच्याने वर नक्षी काढली. पाहुणा तो पाहुणा. तिला असं कुणी वागायला शिकवलं नव्हतं, आणि डॉक्टर कामबीजला लाज शिकवणारंही कुणी भेटलं नसावं.

ताट फिरलं. शहीनने रडत रडत तीन तुकडे खाल्ले. अधिकाऱ्याने फातिहा पुटपुटून एक खाल्ला. सकीनाने डोळे मिटून चिमूटभर तोंडात टाकला. हेशमतने चार. खानमनी एक घेतला, कपाळाला लावला आणि रुमालात बांधून ठेवला.

ताट फिरोजेपुढे आलं. "पोट बरं नाही," ती म्हणाली.

ताट कामबीजपुढे आलं. त्याने हात छातीला लावला. "मला साखर बंद आहे. रक्तात वाढलीय."

मागोमाग चहा आला. कामबीजने वाटीतून साखरेचा खडा उचलला, दातांत धरला आणि वरून चहा ओढला. मग दुसरा खडा.

खानम उठल्या. "भाऊजी, गाडी काढा. तुम्हाला लांब जायचंय." त्यांनी त्याला अंगणात नेऊन कानात काही सांगितलं आणि एक चिठ्ठी दिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घाटातून जायचंय, सांभाळून. वाट वाईट आहे."

टॅक्सी निघाली. आणि स्वयंपाकघरातून फिरोजे भराभर बाहेर आली. तिच्या हातात तांब्याचा वाडगा होता. तिने टॅक्सीच्या मागे पाणी ओतलं, आणि पाण्याबरोबर एक हिरवं पान धुळीत पडलं.

"पान कशाला गं?" सकीनाने विचारलं.

"माझी आजी घालायची. हिरवं जावं, हिरवं यावं." फिरोजे म्हणाली, आणि मग तिने खानमकडे पाहिलं. वाडगा तिने पटकन पाठीमागे धरला.

खानम ओसरीवर जाऊन बसल्या आणि अडीच तास सूर्यफुलाच्या बिया सोलत राहिल्या. कामबीजने दोनदा घड्याळ पाहिलं. सलीमी पेंगला.

चार वाजता त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"अधिकारी, खून झालेला नाही," त्या म्हणाल्या. "नुसरतुल्लाह आगा जिवंत आहेत. आणि इथली दोन माणसं हे गुरुवारपासून जाणतात."

शहीनच्या हातातला रुमाल खाली पडला. कामबीज हसला. "खानम, आमच्या दुःखाची थट्टा नको."

"थट्टा तुम्ही केलीत. मी फक्त हिशोबाने बोलते. पहिली गोष्ट, पाणी. गुरुवारी पहाटे मागच्या पायरीवर कुणीतरी वाडगाभर पाणी ओतलं, पान घालून. फिरायला जाणाऱ्याच्या मागे पाणी ओतत नाहीत. म्हणजे म्हातारे दूर निघाले होते, गोळ्या बरोबर घेऊन, मागच्या दाराने. आणि त्यांना निरोप द्यायला कुणी उभं होतं. चोरून निरोप द्यायचा होता, तरी पाणी ओतल्याशिवाय त्या माणसाला राहवलं नाही. सवय अकलेच्या आधी धावते. आजही धावली. हेशमतला मी मुद्दाम सगळ्यांना सांगून पाठवला. पान घालून पाणी कुणी ओतलं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं."

सगळे फिरोजेकडे वळले. कामबीज तर असा वळला, जणू घरातली एखादी खुर्ची आपोआप हलली होती.

"तू?"

"हो, मी," फिरोजे म्हणाली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "तुम्ही फोनवर बोलत होतात ते मी ऐकलं. गुरुवारपासून वृद्धाश्रमात खोली ठरवली होतीत. इथून परस्पर तिकडे. सहल म्हणून आणलंत आणि सामान तिकडचं भरलंत. मी आगाजानना सांगितलं. ते म्हणाले, मला एका माणसाकडे जायचंय. कुठे ते सांगितलं नाही. तोंड उघडणार नाहीस अशी शपथ घातली."

"आणि यदुल्लाहला धरून नेलं तेव्हा?" सकीनाने विचारलं.

फिरोजेने तिच्याकडे पाहिलं नाही. "मला वाटलं, सोडतील. आज सोडतील, उद्या सोडतील."

"तुला वाटलं," सकीना म्हणाली. "माझी दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि तुला वाटलं."

"तिचं तिला भोगू दे," खानम म्हणाल्या. "दुसरी गोष्ट, हलवा. मेलेल्याच्या नावाचा हलवा इथे सगळ्यांनी खाल्ला. माझा रुमालात आहे, कारण मला संशय होता. आणखी दोघांनी खाल्ला नाही. जिवंत माणसाच्या नावाचा हलवा कोण खाईल? खाल्ला तर त्याचं मरण ओढवून घेतल्यासारखं. आपण कितीही शिकलो, तरी हा घास घशाखाली उतरत नाही. फिरोजेचा नाही उतरला. आणि डॉक्टर, तुमचाही नाही."

"मला साखर..."

"साखर बंद आहे. म्हणून दोन खडे दातांत धरून चहा प्यायलात. दातांच्या डॉक्टरने."

सलीमी आता पूर्ण जागा झाला होता.

"फिरोजेला माहीत होतं, कारण तिने निरोप दिला. पण तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आता त्याचं तोंड पाहिलंत ना? मग त्याला कसं कळलं? यदुल्लाह चौकीत म्हणत होता, एकदोन दिवसांत सगळं आपोआप कळेल. का कळेल? कारण म्हाताऱ्यांनी मागे चिठ्ठी ठेवली होती, आणि त्याला ते ठाऊक होतं. वहीचं एक पान फाटलंय. ज्या खोलीत ती चिठ्ठी होती, तिथे आधी कोण गेलं? स्वतःच्या तोंडाने सांगितलंत, मीच. त्यानंतर सगळं रान हाका मारत होतं, पण तुमच्या तोंडून एक हाक निघाली नाही. बहिणीला वाटलं दुःखाने. माणूस रानात नाही हे ठाऊक असलं की हाक कुणाला मारायची? आणि काठी. गुरुवारी तुमची बहीण ज्या दगडावर अर्धा तास बसली, तिथे काठी नव्हती. शुक्रवारी तिथेच तुम्हाला सापडली. म्हातारे ती मागे ठेवून गेले, आणि तुम्ही ती नेऊन टाकलीत."

"हे सगळे तर्क आहेत." कामबीजच्या आवाजातली इस्त्री मोडली होती. "पुरावा काय?"

खानमनी ओढणीखालून वही काढली. कोरं पान उघडून अधिकाऱ्याच्या हातात दिलं. "उन्हाकडे तिरकं धरा. मास्तर दाबून लिहितात. वरच्या पानावरचं खालच्या पानात उतरलंय. सगळं लागत नाही, दोन ओळी लागतात. मोठ्याने वाचा."

सलीमीने डोळे बारीक केले. वाचायला वेळ लागला. "मी माझ्या मर्जीने... माझ्या पायांनी जातो आहे. यदुल्लाहने फक्त रस्त्यापर्यंत सोबत... कुणी त्याला बोल लावू नये."

सकीनाने ओसरीचा खांब धरला.

"हे मी वही पाहिली तेव्हाच दाखवलं असतं," खानम म्हणाल्या, "पण मग हा म्हणाला असता, मी चिठ्ठी पाहिलीच नाही. म्हणून हलव्याची वाट पाहिली."

"दादा," शहीन म्हणाली, "खोटं आहे ना हे?"

कामबीज खाली बसला. मग एकदम बोलत सुटला. "लोकांना काय सांगणार होतो मी? बाप घरातून पळून गेला, का, तर मुलगा वृद्धाश्रमात टाकत होता म्हणून? माझे रुग्ण, शेजारी, सगळं शहर ओळखतं मला. माझी अब्रू गेली असती. चिठ्ठी जाळली. तेवढ्यात हा माणूस घड्याळ घालून आला, सगळे त्याच्याकडेच बघायला लागले. मी त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. चौकीवाल्यांनीच घेतलं. मग त्यांना काही सापडेना, म्हणून काठी..." त्याने वर पाहिलं. "आणि मी त्याला माफ करणारच होतो, खानम. शपथेवर. वारस म्हणून माफीनामा लिहून देणार होतो. त्याचं काही वाईट झालं नसतं."

मेहरअंगीज खानम तीस वर्षांत न्यायालयात कधी ओरडल्या नव्हत्या. आताही ओरडल्या नाहीत.

"न केलेल्या खुनाची माफी," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो जन्मभर खुनी, आणि तुम्ही जन्मभर दयाळू. त्याच्या बायकोने जन्मभर तुमचे उपकार मानायचे. आणि उद्या म्हातारा खरंच कुठेतरी मेला असता तर? तर ही माफी तुम्ही दिली असती, की तेव्हाही अब्रूला विचारलं असतंत?"

तेवढ्यात खालून टॅक्सीचा भोंगा ऐकू आला.

हेशमत उतरला. त्याने दुसरं दार उघडलं, आणि आतून एक उंच, वाळका म्हातारा काठीशिवाय, दाराला धरून बाहेर आला. पायांत धुळीने माखलेले बूट, अंगावर कुणा शेतकऱ्याचा कोट.

"अंजिलीसरात पहिल्याच दाराशी विचारलं, वहिनी," हेशमत म्हणाला. "तुमची चिठ्ठी वाचली आणि अर्धा पेला चहा तसाच ठेवून निघाले. हातमअली म्हणत होता उद्या जा. ऐकतायत कुठे."

शहीन धावली. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला हळूच बाजूला केलं. तो सरळ सकीनासमोर आला.

"मला ठाऊक नव्हतं, मुली. मी कागद लिहून ठेवला होता. मला वाटलं, तेवढं पुरेल." त्याचा श्वास लागला होता. "जन्मभर मुलांना शिकवलं, पण माझं घरचं मूल मला वाचता आलं नाही. यदुल्लाह कुठे आहे? आधी तिथे चला."

"आगाजान, तुम्ही यायला नको होतं," फिरोजे म्हणाली. "तुम्ही सुटावं म्हणून मी..."

"मग पाणी कशाला ओतलंस?" म्हातारा म्हणाला. "पाणी ओतलं की परत यावं लागतं."

मग त्याची नजर ओसरीवरच्या ताटाकडे गेली. केशरी हलवा, वर चमच्याची नक्षी, अर्धा संपलेला. त्याने कुणालाच काही विचारलं नाही. ते ताट कशाचं आहे हे आमच्याकडे लहान मूलही ओळखतं. त्याने ताट दोन्ही हातांनी उचललं, कामबीजच्या खुर्चीपाशी गेला आणि त्याच्यापुढे धरलं.

"खा," तो म्हणाला. "तुझा बाप मेला. आता खायला हरकत नाही."

कामबीजने हात पुढे केला नाही. म्हाताऱ्याने ताट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पाठ फिरवली.

आधी टॅक्सी निघाली. पुढे म्हातारा, मागे सकीना आणि खानम. यदुल्लाहला आणायला. फिरोजेने आतून वाडगा भरून आणला, पान शोधलं, आणि धूळ बसायच्या आत गाडीच्या मागे पाणी ओतलं. सकीनाने मागच्या काचेतून ते पाहिलं, पण हात हलवला नाही.

मागोमाग सलीमीची जीप. खोटी खबर देणं आणि पुरावा जाळणं या दोन्हींसाठी त्याने कामबीजला मागे बसवलं होतं. शहीन पायऱ्यांवर उभी होती, तोंडावर रुमाल धरून. फिरोजेच्या हातात वाडगा होता, आणि वाडग्यात अजून घोट-दोन घोट पाणी उरलं होतं. कामबीजने जीपमधून तिच्याकडे पाहिलं.

तिने ते पाणी बाजूच्या झाडाला घातलं आणि वाडगा खुंटीला टांगायला आत गेली.